वास घेणारा अँटेना: बॅटरी नाही, तार नाही, तरी वायू ओळखतो

तारायंत्र (धागाकर्ता)

घरी कोणी विचारलं की तू दिवसभर नक्की करतोस काय, तर मी सांगतो, "अँटेनाला नाक बसवतो." त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. इथे मात्र प्रश्न यावेत म्हणूनच लिहितोय, कारण तीन वर्षं एकाच टेबलाशी बसलं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं.

आधी जुनी गोष्ट. साधे गॅस सेन्सर बहुतेक कथिलाच्या ऑक्साइडवर चालतात. नाओयोशी तागुची या जपानी संशोधकाने १९६२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तापलेल्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे वीज नीट वाहत नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनलाच उचलून नेतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घसरतो. साधं आणि दणकट काम. फक्त कण २०० ते ४०० अंश सेल्सियसला तापवून ठेवावे लागतात. म्हणजे हीटर आला, हीटर आला की वीज आली, आणि वीज आली की तार नाहीतर बॅटरी आलीच.

नॅनो, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापातल्या, पदार्थांनी हा हीटर काढून टाकायची सोय केली. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग भरतो ६०० चौरस मीटर. वजन तेवढंच, पण वायूला बसायला जागा दहा लाख पट. ग्रॅफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड पापुद्रा. त्याचं तर विचारूच नका, ते नुसता पृष्ठभागच आहे. 'आतला' असा एकही अणू त्यात नाही. हिशेबाने एका ग्रॅमला २६३० चौरस मीटर. ग्रॅफीनची तीच जाळी गुंडाळली की कार्बन नॅनोट्यूब. २००० साली स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं की नायट्रोजन डायऑक्साइड किंवा अमोनिया लागला की नॅनोट्यूबची वाहकता भरपूर बदलते, तेही खोलीच्या तापमानाला. पहिला वायू इलेक्ट्रॉन ओढून घेतो, दुसरा देतो. २००७ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्रॅफीनवर एकेक रेणू बसल्या-उठल्याच्या पायऱ्या मोजून दाखवल्या. त्याच्यापुढे संवेदनक्षमता नेणार तरी कुठे!

हीटर गेला. राहिली तार. ती घालवायला अँटेना.

अँटेना म्हणजे ठरावीक सुराला लावलेली तार. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, तिचा अर्ध-लहर अँटेना सोळा-सतरा सेंटिमीटरचा. हा सूर, म्हणजे वारंवारता, ठरतो त्याच्या लांबीवर आणि आजूबाजूच्या पदार्थाच्या विद्युत गुणांवर. आता अँटेनाच्या एखाद्या टोकाशी नॅनोट्यूबचा पातळ थर दिला आणि वायू लागून त्या थराचा रोध किंवा धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलली, तर सूर सरकतो. लांबून रेडिओ लहर सोडायची, परत काय येतं ते ऐकायचं आणि सूर कुठे गेला ते बघायचं. टॅगवर बॅटरी नाही. दुकानातल्या मालावर चिकटवलेला आरएफआयडी टॅग चालतो तसंच.

ही युक्ती नवी नाही, बरं का. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती त्यांच्या निवासस्थानी भिंतीवर लटकत राहिली आणि १९५२ मध्ये कळलं की आत एक पोकळ डबी, पातळ पडदा आणि छोटा अँटेना आहे. वीज नाही, तार नाही. बाहेरून लहर सोडली की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरायचा आणि परत जाणारी लहर ते बोलणं घेऊन जायची. करणारा रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन. त्याने अँटेनाला कान बसवला, आम्ही नाक बसवतोय.

माझ्या टेबलावर हे असं दिसतं: काचेची एक चौकोनी पेटी, तिला दोन नळ्या, आत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा टॅग. शेजारी नेटवर्क अॅनालायझर. कुठल्या सुराला किती लहर परत येते ते तो मोजतो. पडद्यावर एक रेघ सपाट चाललेली असते आणि ८६८ मेगाहर्ट्झपाशी विहिरीसारखी खाली जाते. अमोनियाचा कॉक उघडला की अर्ध्या मिनिटाने ती विहीर हळूच डावीकडे सरकायला लागते. दोन-अडीच मेगाहर्ट्झ, जास्त नाही. पण पहिल्यांदा सरकली तेव्हा मी एकटाच खोलीत होतो आणि मोठ्याने "अरे!" म्हणालो होतो.

आता तुमचे दगड येऊ द्या.

निळी_शाई

वाचतेय. राजमुद्रेचा किस्सा माहीत नव्हता, भारी आहे.

अवांतर वाटेल, पण कोळशाच्या खाणीतली कॅनरी, म्हणजे पिंजऱ्यातून नेलेला छोटा पक्षी, आठवली. कार्बन मोनॉक्साइडसाठी छोटे प्राणी न्यावेत ही सूचना जॉन स्कॉट हाल्डेन यांची, १८९० च्या दशकातली. ब्रिटनमध्ये ते पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी कोसळायचा. काही पिंजऱ्यांना छोटा ऑक्सिजन सिलिंडरही असायचा, पक्षी पडला की दार बंद करून त्याला शुद्धीवर आणायला.

शंकासूर

लेख छान, पण मी माझ्या नावाला जागतो.

असे पेपर मी बरेच वाचलेत. "अमुक पीपीबी ओळखला" असं शीर्षकात (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक), आणि प्रयोगाच्या भागात बारीक अक्षरात "कोरड्या नायट्रोजनमध्ये". कोरडा नायट्रोजन कोण श्वासात घेतं? खऱ्या हवेत पाण्याची वाफ असते, तीही पीपीएमच्या हिशेबात हजारोंनी. दमट दिवशी २५ अंशाला वीस-पंचवीस हजार पीपीएम सहज. त्यात तुम्ही २५ पीपीएम अमोनिया शोधणार. शिवाय पाण्याची सापेक्ष परावैद्युतता, म्हणजे विद्युत क्षेत्राला दाद द्यायचा गुण, ८० च्या घरात, म्हणजे सूर सरकवायला पाणी एकटं पुरे. तुमची विहीर अमोनियाने सरकली की बाष्पाने, हे कसं सांगणार?

तारायंत्र

शंकासूर, दगड बरोबर कपाळावर.

हे लेखात लिहायला धजलो नव्हतो, आता लिहितो. पहिल्या वर्षी माझे निकाल इतके सुंदर येत होते की मी आलेख छापून भिंतीवर लावले. आठवडाभर रोज दुपारी प्रतिसाद वाढायचा, संध्याकाळी उतरायचा. मी त्याला "दिवसागणिक स्थिरता" असं काहीतरी नावही दिलं. मग एकदा पेटीचं झाकण उघडं असताना टॅग नीट बसलाय का बघायला वाकलो आणि माझा श्वास लागला. विहीर डावीकडे जी धावली, ती ५० पीपीएम अमोनियाला कधी धावली नव्हती. रोज दुपारी खोलीत माणसं वाढायची आणि मी त्यांचं बाष्प मोजत होतो. आलेख उतरवले. चिकटपट्टीचे डाग भिंतीवर अजून आहेत.

आता टॅग जोडीने लावतो. दोन्हींवर तोच थर, पण एकावर असा पडदा की ज्यातून वायू जात नाही. तापमान दोघांनाही सारखंच लागतं, त्यामुळे फरक काढला की ते वजा होतं. बाष्प मात्र पुरतं वजा होत नाही, कारण पडदा वायू अडवतो तसा बाष्पही अडवतो. म्हणून तिसरा टॅग, खास बाष्प मोजणारा. म्हणजे नाकाला मदतनीस दोन झाले.

जुना_रेडिओ

मी वायूतला नाही, लहरीतला. दोन शंका.

पहिली: परत आलेली लहर किती जोरात आली यावर विसंबता का? तसं असेल तर कोणी मधून चालत गेलं, लोखंडी दार उघडलं, की वायू आला असं दिसणार.

दुसरी जास्त महत्त्वाची. नॅनोट्यूबचा थर म्हणजे अँटेनाच्या अंगात घातलेला रोधच. रोध आला की लहरीची ऊर्जा उष्णतेत जाणार आणि बाहेर कमी पडणार. थर जाड केलात तर नाक तीक्ष्ण आणि आवाज बसलेला. पातळ केलात तर आवाज खणखणीत आणि नाक चोंदलेलं. हे कसं सांभाळता?

तारायंत्र

जुना_रेडिओ, पहिल्यावर: जोर बघत नाही, सूर बघतो. माणूस मध्ये आला की जोर कमी होतो, विहीर सहसा जागची हलत नाही. मात्र टॅगला अगदी खेटून काही धातू ठेवला तर सूरही हलतो. तिथे इलाज नाही, टॅग लावतानाच जागा बघावी लागते.

दुसरं म्हणजे आमच्या गटातलं रोजचं भांडण. थर कुठे द्यायचा यात सगळी गंमत आहे. चौकोनी पॅच अँटेनाच्या दोन टोकांना विद्युत क्षेत्र सर्वात तीव्र असतं आणि प्रवाह जवळजवळ शून्य. तिथे बोटभर थर दिला तरी सूर ऐकतो आणि ऊर्जा फारशी जळत नाही. मधोमध दिला तर उलटं. पहिला टॅग मी कौतुकाने सगळीकडून माखला होता, तो मेला. रीडरला, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राला, तो दिसेचना.

अंतराचं गणितही लहरीवाल्यांना ठाऊकच आहे. चिपवाल्या टॅगला जागं व्हायला दहा-वीस मायक्रोवॅट पुरतात. पण लहर जाणार आणि परतही येणार, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की परतीचा जोर सोळापट घटतो. मोकळ्या जागेत चांगला टॅग पाच ते दहा मीटर. थर दिल्यावर मी तीनवर खूश असतो.

तिसरी_पाळी

सुरक्षा विभागात अठरा वर्षं झाली, रासायनिक कारखान्यांत. धागा दोनदा वाचला. कौतुक आहेच, पण आमच्या बाजूने थोडं ऐका.

आमच्याकडे टाकीत उतरायच्या आधी चार गोष्टी बघतात: ऑक्सिजन, स्फोटक वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. स्फोटक वायू एलईएलच्या टक्क्यांत मोजतात, म्हणजे पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या तुलनेत. मिथेनचं ते प्रमाण हवेच्या ५ टक्के, हायड्रोजनचं ४. बऱ्याच ठिकाणी एलईएलच्या १० टक्क्यांवरच पहिला भोंगा लावलेला असतो. म्हणजे मिथेन हवेत अर्धा टक्का झाला की बाहेर पडायचं. तिथे पीपीबी मोजणारं नाक घेऊन मी काय करू? मला अर्धा टक्का सांगा, पण दरवेळी सांगा आणि दहा-पंधरा सेकंदांत सांगा.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट निराळी. त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास एक पीपीएमच्याही पुष्कळ खाली येतो. सगळ्यांना वाटतं, मग भीती कसली, वास आला की पळू. १०० पीपीएमला तो जिवाला तात्काळ धोका असलेल्या पातळीत धरतात, आणि साधारण त्याच सुमाराला नाक बधिर होतं.

मी नवा होतो तेव्हा एका ठिकाणी मॅनहोलच्या तोंडाशी एक जुने फिटर उभे होते. आम्ही मीटर आणायला पाठवलं होतं. ते म्हणाले, "मघाशी घाण येत होती, आता वास गेला. गॅस गेला." आणि शिडीवर पाय ठेवला. माझ्या वरिष्ठांनी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं, बरोबरीच्या माणसाला ओढावं तसं नाही, लहान मुलाला ओढतात तसं. मीटर आला, दोरीने आत सोडला, तर तो दोरीच्या पहिल्या हातावरच किंचाळायला लागला. फिटर नंतर बराच वेळ बसून होते. चहा दिला तो तसाच गार झाला. वास गेला नव्हता, नाक गेलं होतं.

म्हणून तुमच्या कृत्रिम नाकाला माझा पहिला प्रश्न: ते बधिर होतं का? आणि झालं तर मला कसं कळणार?

निळी_शाई

बापरे. "वास गेला नव्हता, नाक गेलं होतं" हे वाक्य डोक्यातून जाईना.

आणि हाच धागा कॅनरीकडे येतो की. पक्षी गात असला, दांडीवर उड्या मारत असला, म्हणजे ठीक. पडला म्हणजे पळा. पिंजरा नीट नसेल, पक्षी आजारी असेल, म्हातारपणाने मेला असेल, तरी तो पडलेलाच दिसणार आणि माणूस पळणारच. उगाच पळाला तरी जिवंत राहतो. कॅनरी चुकली तर सुरक्षित बाजूला चुकते. तारायंत्र, तुमचा टॅग कुठल्या बाजूला चुकतो?

तारायंत्र

तिसरी_पाळी, निळी_शाई, तुम्हा दोघांच्या प्रश्नाने काल झोप नीट लागली नाही.

खरं उत्तर असं की नाक बधिर होतं. दाईंच्या त्या २००० सालच्या कामातही नायट्रोजन डायऑक्साइड बंद केल्यावर नॅनोट्यूब पूर्वपदावर यायला तासन् तास लागत होते, तापवल्यावर लवकर आली. खोलीच्या तापमानाला वायू चिकटतो ते छान, पण उठतही नाही. हीटर काढून टाकल्याची ती किंमत. काहीजण अतिनील प्रकाश टाकून रेणू उठवतात, पण दिवा आला की वीज आली, पुन्हा तेच. म्हणजे एकदा वास घेतलेला टॅग दुसऱ्यांदा तेवढाच सरकेल याची मी खात्री देत नाही.

कुठल्या बाजूला चुकतो, हा प्रश्न आम्ही कधी या शब्दांत विचारलाच नव्हता. एमआयटीत टिमथी स्वॅगर यांच्या गटाने २०१४ मध्ये फार लोभस काम केलं. फोन जवळ धरून वाचता येतो तसला तयार एनएफसी टॅग घेतला, त्याच्या तांब्याच्या रेघेला भोक पाडून सर्किट तोडलं, आणि नॅनोट्यूबची पावडर दाबून केलेल्या पेन्सिलीने कागदावर रेघ ओढावी तशी रेघ ओढून ते पुन्हा जोडलं. वायू लागून त्या रेघेचा रोध बदलला की फोनला टॅग वाचता येतो किंवा येईनासा होतो. हो किंवा नाही, मधलं काही नाही. १३.५६ मेगाहर्ट्झ, फोन काही सेंटिमीटरवर धरायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हुशारीवर जीव जडला. आता वाटतं, खरा प्रश्न तिथे आहे: वायू आल्यावर टॅगने बोलायला लागावं की गप्प व्हावं?

वायू आल्यावर बोलणारा टॅग मेला, तर तो कायम गप्प आणि आम्ही कायम निर्धास्त. वायू आल्यावर गप्प होणारा टॅग मेला, तर उगाच धावपळ. कॅनरी दुसऱ्या जातीची. माझा टॅग सूर सरकवतो, त्यामुळे तो दर दोन सेकंदांनी "मी आहे" एवढं तरी सांगतो. पण तो आहे म्हणजे त्याचं नाक आहे, असं नाही.

शंकासूर

ही कबुली तुमच्या मूळ लेखापेक्षा जास्त आवडली.

अर्धवट_विद्यार्थी

मला यातलं निम्मं कळलं. मी घरी एमक्यू-२ सेन्सर छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडून गॅस गळतीचा अलार्म केलाय. लायटरचा गॅस सोडला की मोबाइलवर संदेश येतो. हे पण वायरलेसच ना? यातला एमक्यू-२ काढून नॅनोट्यूब लावता येईल का? आणि माझा अलार्म कधी कधी काही नसताना वाजतो, ते का?

तिसरी_पाळी

बाळा, प्रयोग म्हणून उत्तम. पण यावर जीव टाकू नकोस. घरातला खरा अलार्म प्रमाणित असलेलाच लाव, हा त्याच्या शेजारी शिकायला ठेव.

तारायंत्र

अर्धवट_विद्यार्थी, उलट तूच पूर्ण आहेस, आम्ही अजून पेटीत आहोत.

एमक्यू-२ म्हणजे लेखातला तोच कथिल ऑक्साइड. त्याच्या आत हीटर आहे, तो एकटाच पाऊण वॅटच्या आसपास खातो, म्हणून बॅटरीवर टिकत नाही. तो एलपीजी, हायड्रोजन, अल्कोहोलची वाफ, धूर सगळ्यांना ओळखतो, पण कोण कोण आहे ते वेगळं सांगत नाही. सॅनिटायझर चोळलास तरी वाजेल. नवा असेल तर आधी दिवस-दोन दिवस चालू ठेवून स्थिरावू दे, नुसत्या दोन मिनिटांनी घेतलेल्या आकड्यावर मर्यादा बसवलीस तर ती चुकणारच. आणि हो, दमट हवेत त्याचाही आकडा हलतो. आपण सगळे एकाच पाण्यात बुडतोय.

तुझा बोर्ड वायरलेस आहे, पण तो सेन्सरचा आकडा वाचून मग रेडिओवर सांगतो. माझ्याकडे अँटेना स्वतःच सेन्सर आहे, सांगणारा वेगळा नाही. म्हणून त्याला वीज लागत नाही, आणि म्हणूनच तो इतका बावळटही आहे.

नॅनोट्यूबची पूड मात्र घरी आणू नकोस. एका प्रकारच्या बहुभिंती (एकात एक नळ्या असलेल्या) नॅनोट्यूबला आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने कदाचित कर्करोगकारक अशा २बी गटात टाकलंय. थरात बसलेली नॅनोट्यूब उडत नाही, सुटी पूड उडते. आम्ही ती धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर काढत नाही.

तिसरी_पाळी

"बॅटरी नाही म्हणून ठिणगी नाही" असं पुढेमागे कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. टॅगपुरतं बरोबर. पण लहर सोडणारा रीडर हे विजेचं यंत्रच आहे. स्फोटक वायूच्या क्षेत्रात आम्ही साधा मोबाइल नेऊ देत नाही, मग फोन टॅगला टेकवून वाच म्हणून कोणाला कसं पाठवू? रीडर क्षेत्राबाहेर ठेवायचा तर तुमचे तीन मीटर संपले.

आता नाराज होऊ नका, उपयोगाचंही सांगतो. भोंग्याच्या जागी हे लावू नका. पण आमच्याकडे पाइपांचे जोड, व्हॉल्व्ह, फ्लँज हजारोंनी असतात. प्रत्येकावर मीटर लावणं शक्यच नाही. माणूस ठरल्या दिवशी हातात यंत्र घेऊन एकेक जोड हुंगत फिरतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये काय झालं ते कोणालाच माहीत नसतं. गळती मंगळवारी रात्री झाली, बुधवारी दाब उतरला आणि थांबली, फेरी शुक्रवारी. कागदावर सगळं ठीक. तुमचं नाक एकदा वास घेतला की तासन् तास विसरत नाही म्हणता ना? मला तेच हवंय. चिकटवा जोडावर. शुक्रवारी माझा माणूस फिरेल तेव्हा टॅगने सांगावं, मधे इथे काहीतरी होऊन गेलं.

जुना_रेडिओ

+१००. दोष म्हणून सांगितलेली गोष्ट नोकरीला लागली!

तारायंत्र

मी हा प्रतिसाद आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला. दोन वर्षं आम्ही थराला लवकर विसरायला शिकवतोय. कोणी न विसरणारा मागेल असं डोक्यातच आलं नाही.

यात बऱ्याच अडचणी सुटतात. तासन् तास म्हणजे शुक्रवारपर्यंत नव्हे, त्यामुळे मुद्दाम पक्कं धरून ठेवणारा थर निवडावा लागेल, पण ते लवकर विसरायला लावण्यापेक्षा सोपं आहे. प्रतिसाद दहा सेकंदांत हवा ही अट गेली. रीडर हातातला, क्षेत्रात चालणारा असा प्रमाणित घेतला की अंतर अर्धा मीटर पुरे, म्हणजे थर थोडा जाड देता येईल. बाष्पही येतं-जातं, वायू चिकटून राहतो, त्यामुळे कोरड्या वेळी वाचलं तर उरलेला फरक बहुतांशी वायूचा. बहुतांशी म्हणतोय, शंकासूर बघतायत.

कुठला वायू हा प्रश्न राहतोच. हायड्रोजनसाठी पॅलेडियमचे कण शिंपडता येतात. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतं, इतर वायूंकडे फार लक्ष देत नाही. पण हायड्रोजन ते लवकर सोडूनही देतं, त्यामुळे 'होऊन गेलं' सांगायला ते कच्चं. अमोनियाला आमचा थर बरा. बाकीच्यांसाठी वेगवेगळ्या थरांचे चार-पाच टॅग शेजारी लावून त्यांच्या एकत्र नक्षीवरून ओळखायचं, ही कल्पना १९८२ पासूनची आहे, पर्सॉड आणि डॉड यांनी 'नेचर'मध्ये मांडलेली. आपलं नाकही तसंच चालतं. मॅक्सीन नावाचे, धातू आणि कार्बनचे अतिपातळ थर सध्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यांची वाहकता इतकी चांगली की थर काय, अख्खा अँटेनाच त्यांचा करता येतो, म्हणजे जुना_रेडिओंचं भांडण मिटलं. पण दमट हवेत ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतात. जोडावर उघड्यावर महिनाभर टिकतील असं मला वाटत नाही.

शंकासूर

बघतोय. आणि जोडावर तेल असतं, धूळ असते, रंग मारणारा येऊन टॅगवरही ब्रश फिरवतो. मग तुमचा टॅग "काही झालं नाही" म्हणेल, आणि शुक्रवारी कागदावर परत सगळं ठीक. कॅनरी पुन्हा चुकीच्या बाजूला.

तारायंत्र

त्यावर आज दुपारी हे सुचलं. प्रत्येक टॅगचा आपल्या जागेवरचा, लावल्या दिवशीचा सूर नोंदवून ठेवायचा. वर रंग बसला, तेल बसलं, की सूर खाली जातो, आणि तोही कायमचा. म्हणजे घाणही "इथे काहीतरी झालं" असंच दिसणार. माणूस बघायला जाईल, त्याला गॅस नाही, रंग सापडेल. चिडेल, पण गेला असेल. टॅग फसायची एकच वाट उरते, रंग एका बाजूला ओढेल आणि वायू बरोबर तेवढाच दुसऱ्या बाजूला. त्यासाठी नुसती विहिरीची जागा नाही, तिची रुंदीही बघावी लागेल. थराचा रोध बदलला की विहीर पसरट किंवा अरुंद होते, रंगाने फार तशी होत नाही.

उद्या जुन्या टॅगपैकी सहा काढतोय. दोन कोरे, दोनांवर मशीनचं तेल, दोनांवर रंग. मग सगळ्यांना अमोनिया.

तिसरी_पाळी

करा आणि आकडे इथे टाका, वाईट आले तरी.

एक लक्षात ठेवा. आमच्याकडे नवा मीटर आला होता. अख्खी पाळी तो शून्य दाखवत राहिला, सगळे खूश, वहीत आठ वेळा शून्य लिहिलं. सकाळी सोडताना कोणाच्या तरी ध्यानात आलं की सेन्सरच्या तोंडावरची कॅलिब्रेशनची टोपी काढलेलीच नाही. वहीतलं ते पान मी फोटो काढून ठेवलंय, नव्या पोरांना दाखवतो. त्यामुळे उद्या पेटीत टॅग ठेवलेत की आधी तो पडदा कुठल्यावर आहे ते दोनदा बघा.

तारायंत्र

हसतोय, आणि आत्ताच उठून बघून आलो.